खालाची खुर्ची आणि आयुक्त नीला सत्यनारायण

सिहोरा हे माझे माहेर. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, अलीकडे चांदपूरचा तलाव आणि पलीकडे मध्य प्रदेशाची हद्द. ज्यांनी भंडारा जिल्हा पाहिलेला नाही त्यांना एवढे सांगितले तरी पुरे. इथे पाऊस वेळेवर आला की रोवणी, तलावाचे पाणी सुटले की उन्हाळी धान, आणि या दोन्हींच्या मध्ये कधीतरी निवडणूक.

२०१२ मधली गोष्ट. सिहोऱ्याच्या आसपासच्याच एका लहान गावात माझी खाला राहते. त्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत होती. स्टीलच्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या, समोर तहसील कार्यालयातून आलेले अधिकारी, खाली सतरंजीवर गावातले पुरुष, आणि दाराशी उभ्या असलेल्या दोन-तीन बायका. चिठ्ठी काढायला जिल्हा परिषद शाळेतली एक लहान मुलगी आणली होती. तिने हात घातला, चिठ्ठी काढली, साहेबांनी उघडून वाचली. खालाच्या वॉर्डातली एक जागा निघाली, ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला’.

खालू घरी आले आणि म्हणाले, “आपल्या वॉर्डात बाईची सीट निघाली. आता तुलाच उभं राहावं लागेल.” खाला त्या वेळी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “उभी राहीन. पण बसेनही मीच.” खालू हसले. त्यांना ते वाक्य तेव्हा कळले नव्हते.

ही सोडत कुठून आली, हे तेव्हा आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आले नाही. सरकारने आणली असेल, असेच सगळ्यांना वाटले. पण ती आणणारे कार्यालय मुंबईत मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात होते, त्याचे नाव राज्य निवडणूक आयोग, आणि त्या आयोगाच्या प्रमुखपदी त्या वेळी एक बाई होत्या, नीला सत्यनारायण. महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्य निवडणूक आयुक्त. जुलै २००९ ते जुलै २०१४ अशी पाच वर्षे त्यांनी हे काम पाहिले. म्हणजे खालाचा अर्ज, छाननी, मतदान, मोजणी हे सगळे त्यांच्याच अमलाखाली झाले. दोघींची भेट कधीच झाली नाही. होण्याचे काही कारणही नव्हते.

आपल्या घरांमध्ये मुलीने ‘मोठे ऑफिसर’ व्हावे असे अलीकडे पुष्कळ बोलले जाते. पण मोठे ऑफिसर करतात तरी काय, हे मुलीला सांगता येईल असे घर क्वचित असते. लाल दिवा, बंगला, शिपाई, एवढेच चित्र. म्हणून नीलाताईंचे काम जरा सावकाश पाहू.

त्यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९४९ चा, मुंबईचा. माहेरचे आडनाव मांडके. १९७२ च्या तुकडीतून त्या भारतीय प्रशासन सेवेत आल्या. तेव्हा वय तेवीस. त्यानंतर जवळजवळ सदतीस वर्षे गृह, वन, माहिती व जनसंपर्क, महसूल अशा वेगवेगळ्या खात्यांत त्यांनी काम केले आणि अपर मुख्य सचिवपदापर्यंत पोचल्या. या यादीतली खाती एकमेकांशी अजिबात मिळतीजुळती नाहीत. आज जंगल, उद्या तुरुंग, परवा सातबारा. सरकारी कारभारातल्या नेतृत्वाची खरी परीक्षा इथेच असते असे मला वाटते. आधीचा माणूस काय ठेवून गेला आहे ते फायलींतून शोधायचे, ज्यांना आपल्यापेक्षा त्या विषयाचे जास्त कळते अशा हाताखालच्या माणसांकडून शिकायचे, आणि तरीही निर्णयाखाली सही आपली करायची. सासरी नवी आलेली सून जे करते त्यापेक्षा हे फार वेगळे नाही. फरक एवढाच की इथे दर दोन-तीन वर्षांनी सासर बदलते.

त्यांच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना तर दारातच अडवले जाई. ॲना राजम या स्वतंत्र भारतातल्या पहिल्या महिला आय.ए.एस. अधिकारी. १९५१ मध्ये त्या सेवेत आल्या तेव्हा त्यांच्या नेमणुकीच्या आदेशात अट होती की लग्न केले तर नोकरी संपेल. पुढे तो नियम गेला. लग्न त्यांनी पुष्कळ उशिरा केले, आणि न्हावा शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर उभे राहिले ते त्यांच्या अध्यक्षपदाखाली. उरण-पनवेलकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांना त्या बंदराचे मोल सांगायला नको.

नीलाताईंच्या वेळी अशी लेखी अट नव्हती. पण घर आणि कचेरी यांची ओढाताण होतीच, आणि ती साधी नव्हती. त्यांचा मुलगा चैतन्य याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे. अशा मुलाला इतर मुलांसारखे बोलायला, चालायला, शिकायला खूप वेळ लागतो आणि आईबापांचा संयम रोज पणाला लागतो. नीलाताईंनी ते लपवले नाही. ‘एक पूर्ण अपूर्ण’ या पुस्तकात त्यांनी त्याला वाढवण्याची हकिगत लिहिली. आपल्याकडे असे मूल असले की पाहुणे आल्यावर त्याला आतल्या खोलीत नेण्याची रीत अजून गेलेली नाही. राज्याच्या वरिष्ठ अधिकारी बाईने ते सगळे छापून लोकांपुढे ठेवले. मी ते पुस्तक वाचले तेव्हा त्या आयुक्त होत्या हे मला ठाऊकही नव्हते. कविता, कथा, संगीत हेही त्यांचे चालू असे. एवढा वेळ कुठून काढत असतील, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता आयोगाचे काम.

१९९३ मध्ये घटनेची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती अमलात आली. गावचा आणि शहरांचा कारभार निवडून आलेल्या लोकांनीच चालवायचा, निवडणूक दर पाच वर्षांनी घ्यायचीच, एक तृतीयांश जागा बायकांसाठी, आणि या निवडणुका घेण्यासाठी प्रत्येक राज्यात वेगळा आयोग. लोकसभा-विधानसभेचा निवडणूक आयोग वेगळा आणि हा वेगळा, हे पुष्कळ शिकलेल्यांनाही माहीत नसते. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. त्याच्या आयुक्तांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याची जी पद्धत आहे त्या पद्धतीनेच हटवता येते. म्हणजे एखाद्या मंत्र्याला निवडणुकीची तारीख आवडली नाही म्हणून आयुक्त बदलता येत नाही.

अधिकार एवढा मोठा, पण आयोगाकडे स्वतःची माणसे अगदी थोडी. ही गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. काम सगळे उसन्या माणसांकडून करून घ्यायचे असते. जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक, शाळेतले शिक्षक, बंदोबस्ताचे पोलीस. यांच्यातला कुणीच आयोगाचा नोकर नाही. प्रत्येकाचे नेहमीचे काम वेगळे, साहेब वेगळा. निवडणुकीपुरते त्यांनी आयोगाचे ऐकायचे. अठ्ठावीस हजारांच्या आसपास ग्रामपंचायती, शिवाय पंचायत समित्या, जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका. आज या तालुक्यात, उद्या त्या जिल्ह्यात, वर्षभर कुठे ना कुठे मतदान चालूच. इथे ओरडून किंवा दरारा दाखवून काम होत नाही. आदेश इतका स्वच्छ लिहावा लागतो की मुंबईत लिहिलेला कागद तुमसर तालुक्यातल्या शिक्षकाने वाचला तरी त्याला दुसऱ्याला विचारावे लागू नये. कुठल्या प्रवर्गाच्या मतपत्रिकेचा कागद कुठल्या रंगाचा, एका वॉर्डात तीन जागा असतील तर मतदाराने तीन मते कशी द्यायची, मुदतीच्या शेवटच्या मिनिटाला दारात उभा असलेल्या उमेदवाराचा अर्ज घ्यायचा की नाही, इतक्या बारीक गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

नीलाताईंच्या काळात या कामात आणखी एक मोठी भर पडली. २०११ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून स्थानिक संस्थांतले बायकांचे आरक्षण तेहतीस टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेले. कायदा विधिमंडळात झाला, टाळ्याही तिथेच वाजल्या. पण निम्म्या जागा म्हणजे नक्की कोणत्या, हे राज्यभरातल्या वॉर्डावॉर्डांत ठरवायचे काम आयोगाकडे आले. २०१२ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली मोठी कसोटी लागली. ७ तारखेला २७ जिल्हा परिषदा आणि त्यांच्या पंचायत समित्यांचे मतदान, १६ तारखेला मुंबईसह १० महानगरपालिकांचे, आणि १७ तारखेला सगळ्यांची मोजणी. मुंबईत २२७ पैकी ११४ जागा बायकांच्या होत्या. वर्षानुवर्षे एकाच माणसाचा समजला जाणारा वॉर्ड बायकांसाठी निघाला की काय गोंधळ होतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कळेल. कुणी कोर्टात जातो, कुणी बायकोचा फोटो काढायला स्टुडिओत जातो. आयुक्त बाई आहेत म्हणून बायकांच्या जागा निघाल्या, अशी कुजबुज आमच्याकडच्या पानठेल्यावरही ऐकू आली होती. खरे म्हणजे आयुक्त कोण आहे याला इथे महत्त्व नव्हते. कायदा, लोकसंख्येचा आकडा आणि चिठ्ठी, एवढेच. काम नीट झाल्याची हीच खूण म्हणायची.

पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय स्थानिक निवडणुकांतही आला, तो त्यांच्याच कारकिर्दीत.

खालाकडे परत येते.

तिने अर्ज भरला. प्रचार म्हणजे काय, चार गल्ल्या. सकाळी धुणे वाळत घालून निघायची, दुपारच्या नमाजला परत. खालूंनी पोस्टरवर स्वतःचा फोटो तिच्याइतकाच मोठा छापायचे ठरवले होते. खालाने छापखान्यात जाऊन तो कमी करवला. डिसेंबरात मतदान झाले. खाला थोड्या मतांनी निवडून आली. खर्चाचा हिशेब तीस दिवसांच्या आत द्यावा लागतो, नाहीतर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते, हे तिला एका शिक्षिकेने सांगितले होते. तिने चहापत्तीच्या पुड्यापासून सगळा हिशेब माझ्या मामेबहिणीच्या जुन्या वहीत लिहिला आणि आठव्या दिवशी देऊन आली.

मग ती पंचायतीत जाऊन बसली. खालू पहिल्या सभेला बरोबर गेले होते. खालाने त्यांना दाराशीच सांगितले, “तुम्ही दुकानात जा. मी येते.” ‘सरपंचपती’, ‘सदस्यपती’ असे शब्द आपल्याकडे इतके रुळले आहेत की जणू ती पदेच आहेत. कायद्यात त्यांना कुठेही जागा नाही.

सुरुवातीला तिला काही समजत नसे. ग्रामपंचायतीत ३३ नमुन्यांची दप्तरे असतात. नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद. ती सातवी शिकलेली. दर सभेला एक दप्तर मागायची आणि त्यात काय असते ते विचारायची. लोक कंटाळायचे. पण तिसऱ्या महिन्यात तिने एक गोष्ट पकडली. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, तशी कायद्यात तरतूद आहे. त्या गावात ती सभा कागदावर दरवेळी होत होती. प्रत्यक्षात रजिस्टर घरोघरी फिरायचे आणि बायका चुलीपाशीच सही किंवा अंगठा द्यायच्या. खालाने स्वतःही कितीतरी वेळा अशी सही दिली होती. त्या वेळी तिने रजिस्टर घरी ठेवून घेतले आणि निरोप पाठवला की ज्यांना सही करायची त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात यावे. चाळीसेक बायका आल्या. विषय निघाला तो हातपंपाच्या फुटलेल्या ओट्याचा. पाणी साचून चिखल व्हायचा आणि लहान मुले घसरायची. महिनाभरात ओटा झाला.

एवढेच तिचे काम. यापुढे तिला काही करता आले नाही, आणि त्याचे कारण एका शाळेच्या जुन्या रजिस्टरात होते.

मागास प्रवर्गाच्या जागेवर निवडून आलेल्याला जातवैधता प्रमाणपत्र द्यावे लागते. नसेल तर समितीकडे केलेल्या अर्जाची पोच जोडून उभे राहता येई, पण निवडून आल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रमाणपत्र आणायचे. तेव्हाची मुदत ही होती. नाही आणले तर निवड रद्द, आणि तीही मागच्या तारखेपासून. जणू ती निवडून आलीच नव्हती.

माझे नाना पिंजारी. हिवाळ्यात खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. अख्ख्या पट्ट्यात त्यांना पिंजारीबुवा म्हणत. पण शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात मास्तरांनी एकच शब्द लिहिलेला होता, ‘मुसलमान’. आपल्या किती घरांत असे असेल! मास्तरांचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांना वाटले, एवढे पुरे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि त्या तारखेच्या आधीचा आमच्याकडे तो एकच कागद. चौकशीला दक्षता पथकाचे लोक आले, घरात जुने पिंजण टांगलेले त्यांनी पाहिले. पण पिंजणावर तारीख नसते.

त्या सहा महिन्यांत खालू आणि मामू किती ठिकाणी फिरले याची मोजदाद नाही. एका कार्यालयात सांगितले, अमुक कागद आणा. तो आणला तर दुसऱ्या टेबलावर म्हणाले, याची गरज नाही, तमुक आणा. नावांचा घोळ वेगळाच. शाळेच्या दाखल्यात खालाचे नाव रशीदा, मतदार यादीत रशीदा बी, रेशनकार्डावर रशीदा बेगम, आणि बँकेच्या पासबुकात नुसते आर. बेगम (नाव इथे बदलले आहे, घोळ मात्र खरा). लग्नाआधीचे नाव आणि नंतरचे नाव एकाच बाईचे हे शपथपत्राने सिद्ध करावे लागले.

शेवटी सहा महिने उलटले आणि तिची जागा रिकामी झाल्याचा कागद आला. खालाने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “हातपंपाचा ओटा तरी राहील.”

मला त्या वेळी राग आला होता तो सगळ्या व्यवस्थेचाच. नीला सत्यनारायण हे नावही मला तेव्हाच प्रथम कळले, आयोगाच्या एका आदेशाखाली. बाई असून एका बाईची जागा जाताना पाहतात, असे काहीतरी मी बडबडले होते. पुढे नीट वाचल्यावर कळले की जातवैधतेचे काम आयोगाचे नाहीच. ती समिती वेगळी, खाते वेगळे. आयोगाने मतदान घेतले, मोजणी केली, खालाला निवडून आल्याचे जाहीर केले. तिच्या मतांतले एकही मत इकडचे तिकडे झाले नाही. तिच्यासमोर पैसेवाला उमेदवार होता, तरीही झाले नाही. त्या साखळीतली आयोगाची कडी घट्ट होती, पुढची तुटली. मोठ्या पदावरच्या बाईकडून आपण कधी कधी मोठ्या बहिणीसारख्या मायेची अपेक्षा करतो. मला आता वाटते, तिने नियम सगळ्यांना सारखा लावला तर गल्लीतल्या बाईचा त्यातच जास्त फायदा असतो. पण खालासमोर हे बोलायची मला अजून हिंमत झालेली नाही.

आपल्या राज्यात त्यानंतर आणखी दारे उघडली. ३० जून २०२४ रोजी सुजाता सौनिक महाराष्ट्राच्या मुख्य सचिव झाल्या. राज्य स्थापन होऊन ६४ वर्षे झाल्यावर पहिल्यांदा त्या खुर्चीवर बाई बसली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांमध्येही त्यांनी काम केलेले होते. म्हणजे इथल्या कारभारात शिकलेली विद्या परदेशातली मोडलेली सरकारे उभी करतानाही उपयोगी पडते. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी यू.पी.एस.सी.चा निकाल लागला तेव्हा आमच्या विदर्भातल्या यवतमाळची अदीबा अनम १४२ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. वडील ऑटोरिक्षा चालवतात. त्या दिवशी माझ्या फोनवर तिचाच फोटो किती नातेवाइकांनी पाठवला असेल! आमच्या मोहल्ल्यातल्या मुली आता तिचे नाव घेऊन पुस्तके मागतात.

पण एकदोन बहिणींना मी मुद्दाम विचारले, तुमच्या घरात किती जणींकडे स्वतःचे सगळे कागद आहेत? एकीकडे होते, आणि तेही नवऱ्याच्या कपाटात. म्हणून थोडे कामाचे लिहिते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा दाखल-खारीजचा उतारा आजच काढून ठेवा. विदर्भात जुन्या कोतवाल बुकाची नक्कलही उपयोगी पडते. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीबरोबर कधी कधी जात किंवा धंदा लिहिलेला असतो. आजोबांच्या नोंदीत ‘मुसलमान’ एवढेच असेल तर त्यांच्या सख्ख्या-चुलत भावांच्या नोंदी शोधा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला एक चांगला पुरावा सगळ्या घराला पुरतो. मुलीचे नाव शाळेत घालताना बी, बानो, बेगम, परवीन यांतले जे काही लावायचे ते एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. हे काम निवडणूक लागल्यावर होत नाही. तेव्हा कचेऱ्यांत पाय ठेवायला जागा नसते.

नीला सत्यनारायण १६ जुलै २०२० रोजी मुंबईत गेल्या. करोनाचा तो पहिलाच पावसाळा. वय ७१. त्या वेळी बातमी वाचून मी खालाला फोन केला आणि सांगितले की तू निवडून आलीस तेव्हा ज्या आयुक्त होत्या त्या वारल्या. तिने विचारले, “मुलं किती?” मी चैतन्यबद्दल सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अल्लाह त्याला सांभाळो.” निवडणुकीबद्दल ती काही बोलली नाही.

खालाच्या वैधतेच्या दाव्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. जागा गेल्यानंतरही मामूंनी प्रकरण सोडले नाही. तुमसरच्या बाजूला नानांचे एक चुलत भाऊ होते. त्यांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात स्वच्छ ‘पिंजारा’ लिहिलेले सापडले. वंशावळ जुळवून ते समितीसमोर ठेवले आणि जागा गेल्यावर दोन महिन्यांनी वैधता प्रमाणपत्र घरी आले. तोपर्यंत खुर्ची गेली होती आणि ती परत मिळत नाही. खालाने कागद पाहिला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि लोखंडी पेटीत तिच्या निकाहनाम्याखाली ठेवून दिला.

गेल्या उन्हाळ्यात मी सिहोऱ्याला गेले होते तेव्हा मामूंची मुलगी खालाकडे आली. तीच, जिच्या वहीत खालाने हिशेब लिहिला होता. ती आता पदवीधर आहे, बचत गटाचे हिशेब ठेवते, आणि पुढच्या ग्रामपंचायतीला उभे राहायचा तिचा विचार आहे. आत्याचे वैधता प्रमाणपत्र असले की तिचा दावा सोपा होतो. खालाने पेटी उघडली, पिशवी काढली, कागद दोनदा पुसला आणि तिच्या हातात देताना म्हणाली, “झेरॉक्स काढ आणि मला इथंच आणून दे. अस्सल कुठंच जमा करू नको. आणि सहा महिन्यांची वाट पाहू नको, सोमवारीच अर्ज टाक.”